वामनचे चार ‘म्हणतात’

वामन,

परवा शाळेच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली. मुख्याध्यापक म्हणाले, वामनरावांचं उभ्या आयुष्यात कुणाशी भांडण झालं नाही. मी तिसऱ्या रांगेत होतो. मला हसू आवरेना, म्हणून रुमाल तोंडाला लावला, तर शेजारी बसलेल्या चित्रकलेच्या बाईंना वाटलं मला हुंदका आला. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मग मला खरंच हुंदका आला. अकरा वर्षं आपण दोघं एका शब्दावरून भांडत होतो, आणि हे म्हणतात तुझं भांडण झालं नाही. त्यांना काय माहीत. भांडायला तुझ्याजवळ वेळ होता तो सगळा मीच खाल्ला.

सभेत तुझ्याबद्दल बरंच काही सांगितलं गेलं. तू रोज पहाटे उठून व्यायाम करायचास, असं एकानं सांगितलं. तुला पहाटे उठवायला वहिनींना काय काय करावं लागायचं ते मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. तू विद्यार्थ्यांवर कधी रागावला नाहीस, असं दुसऱ्यानं सांगितलं. नववी ब चा वर्ग ऐकून काय म्हणाला असेल कोण जाणे. मी तिथंच उभं राहून एकेक गोष्ट खोडून काढणार होतो, पण तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की तू असतास तर तूही हेच केलं असतंस, फक्त शांतपणे. तू विचारलं असतंस, हे तुम्ही स्वतः पाहिलं, की कुणी सांगितलं?

तुझं सगळं पुस्तक या एका प्रश्नावर उभं आहे. त्याचं काय करायचं, हा प्रश्न तू माझ्या गळ्यात टाकून गेलास. आज त्याचाच हिशोब… नाही, हिशोब शब्द नको, तुला आवडायचा नाही. आज तेवढंच तुझ्याशी बोलायला बसलोय.

तू दापोलीकडचा, मी अमळनेरकडचा. दोघांनाही सिल्वासा कुठं आहे ते नेमणुकीचा कागद हातात पडल्यावर कळलं. तू इतिहास शिकवायचास, मी मराठी. सिल्वासाजवळ सामरवरणीत आपल्या खोल्यांना ओटा एकच होता आणि त्या ओट्यावर पहिल्याच महिन्यात आपलं अहो-जाहो संपलं. तू माझ्या बोलण्याची टर उडवायचास, ‘काय करी राहिला’ असं मला चिडवून विचारायचास. मी तुझ्या हेल काढून बोलण्याची नक्कल करायचो. वहिनी म्हणायच्या, दोन शिक्षक नव्हे, दोन विद्यार्थी राहायला आलेत इथं.

आणि मग तुझी ती पँट. बाजारात सूचना लिहायच्या फळ्यासमोर ज्याचं शिलाईचं दुकान आहे, त्याला सगळे खलिफा म्हणायचे. माप देता देता तू त्याला विचारलंस की तुमचं नाव खलिफा कसं? तो म्हणाला की नाव वेगळंच आहे. “उस्ताद नहीं रहे, उनकी मशीन पे हम बैठे. तब से खलीफा.” तू घरी आलास तो हातात छत्री उघडीच, पाऊस नसताना. म्हणालास, अरे भास्कर, खलिफा म्हणजे राजा नव्हे रे. मागून आलेला. आधीच्या माणसाची जागा चालवणारा. एवढा साधा अर्थ आपण कुणी मुलांना सांगितलाच नाही.

त्या आठवड्यात तू पाठ्यपुस्तक उघडून बसलास. खलिफांचं उमय्या घराणं त्यात सिंधवरच्या स्वारीपुरतं येतं, दीड ओळ, आणि मग नाहीसं होतं. तुला राग आला तो या दीड ओळीचा. सिंधपासून पार स्पेनपर्यंत ज्यांचा अंमल होता, ते लोक दीड ओळीत येऊन दीड ओळीत जातात, असं तू ओट्यावर येरझाऱ्या घालत म्हणत होतास. मी म्हणालो, अरे बाबा, परीक्षेला तेवढंच येतं. तू म्हणालास, म्हणूनच मी पुस्तक लिहिणार, मराठीत, आठवीच्या मुलाला कळेल असं. मी हसलो. मला वाटलं पावसाळ्याआधी उतरेल हे भूत.

ते अकरा वर्षं उतरलं नाही. दर मे महिन्यात सगळे गावी जायचे तेव्हा तू मुंबईत मेहुण्याकडे राहून ग्रंथालयात बसायचास. वहिनी दापोलीहून आंब्याच्या पेटीसोबत पत्र पाठवायच्या की आंबे तरी वेळेवर खा. जूनमध्ये तू जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठांवर लिहिलेलं टिपण घेऊन परतायचास. एका बाजूला कुठल्यातरी पोरानं अकबराबद्दल ठोकलेली थाप, दुसऱ्या बाजूला उमय्यांचा पहिला खलिफा, तुझा मुआविया.

मी तुझा पहिला वाचक होतो आणि शुद्धलेखन तपासणारा, आणि मी स्वतःला तुझा संपादकही समजायचो. ते पद तू मला दिलं नव्हतंस.

पहिला घोळ मी घातला तो दमणचा. आठवतं? तुला लांब नावं पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा, म्हणून उमय्यांच्या राजधानीला, दमास्कसला, तू ‘दम.’ एवढंच लिहायचास. पहिली तीन प्रकरणं आपण वापीच्या एका छोट्या छापखान्यात नमुन्याला दिली. तिथले कंपोझिटर भिखूभाई मोठे कामसू, मूळचे पारडीचे, मराठी वाचायचे पण गुजरातीतून. मी त्यांना सांगून आलो की जिथं टिंब देऊन शब्द तोडलाय तिथं पूर्ण शब्द घाला. कोणता शब्द ते सांगायचं राहिलं. आठवड्यानं प्रुफं आली. ‘मुआवियाने आपली राजधानी दमण येथे ठेवली.’ ‘दमणच्या मोठ्या मशिदीचे बांधकाम.’ ‘दमणच्या दरबारात ग्रीक कारकून होते.’ तू ओट्यावर बसून मोठ्यानं वाचत होतास आणि वहिनी पोटाला हात लावून हसत होत्या. आपण दोघं बसनं वापीला गेलो तेव्हा भिखूभाई गंभीरपणे म्हणाले, “साहेब, दम. म्हणजे दमणच ने? बाजूलाच तर आहे. मला वाटलं तुम्ही अहियाचं लिहिता.” तू त्यांना म्हणालास, बरोबर आहे, चूक माझीच, दूरचं लिहिताना माणसानं पूर्ण लिहावं. त्या दिवसापासून तू दमास्कस पूर्ण लिहायला लागलास. पुढं तुला मी कितीदा तरी चिडवलं, वामन, रविवारी दमणला जाऊ या, खलिफाला भेटू.

पण त्या पुस्तकातला सगळ्यात सुंदर भाग त्या ग्रीक कारकुनांचाच आहे, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतो. खलिफा अब्द अल्-मलिकनं दफ्तराची भाषा अरबी केली, हे कुणीही लिहील. तू थांबून विचारलंस की ज्यांना फक्त ग्रीक येत होतं त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं? आणि उत्तर शोधायला तू ग्रंथालयात गेला नाहीस. आपल्या बाजारातले ते म्हातारे गृहस्थ, पोर्तुगीजांच्या वेळी कचेरीत नकलनवीस होते, त्यांच्या घरी जाऊन बसलास. त्यांनी सांगितलं की राज्य गेलं त्यानंतर आपण रोज कपडे करून कचेरीच्या दारापर्यंत जायचो आणि परत यायचो, महिनाभर. तू ते प्रकरणात घातलं नाहीस, कारण ते दमास्कसचं नव्हतं. पण ते प्रकरण लिहिताना तुझा हात जड झालेला आहे, वाचताना कळतं. मी तेव्हा फक्त एवढंच म्हणालो होतो की ‘नकलनवीस’चा न ऱ्हस्व आहे की काय ते बघ. ‘न’ला ऱ्हस्व-दीर्घ नसतो रे. मला काहीतरी बोलायचं होतं आणि ते बोलता आलं नाही.

आता त्या शब्दाकडे येतो.

उमय्यांबद्दल जे लिहिलेलं सापडतं, त्यातलं बहुतेक त्यांना बुडवून गादीवर आलेल्या अब्बासींच्या काळात लिहिलं गेलं. तू म्हणायचास, ज्यांनी घर पाडलं त्यांच्याच अंगणात बसून घराची हकीकत लिहिली गेलीय, तेव्हा जपून. म्हणून खात्री नसलेल्या प्रत्येक वाक्याला तू शेवटी ‘असे म्हणतात’ जोडायचास. एका पानावर सहा-सात. मला ते बघवायचं नाही. मी मराठीचा मास्तर, माझ्या कानाला ते लंगडं लागायचं. मी पेन्सिलनं कंस करायचो, तू खोडरबरनं कंस पुसायचास. मी म्हणायचो, वाचकाचा विश्वास उडेल. तू म्हणायचास, तो थोडा उडालेलाच बरा. वर्षानुवर्षं हेच. तुला वाक्याची फिकीर नाही असं मी म्हणायचो, तुला माणसांची फिकीर नाही असं तू म्हणायचास. मला ते लागायचं, पण मी ते मनावर घेतलं नाही, हीच माझी चूक.

तीनेक वर्षांपूर्वी कॉलनीतल्या गणपतीच्या स्मरणिकेचं काम माझ्याकडे होतं. मजकूर कमी पडत होता. मी तुझं ते मेजवानीचं प्रकरण मागितलं, तू दिलंस. घराणं हरल्यावर अब्बासी सरदारानं उरलेल्या उमय्यांना अभय देऊन जेवायला बोलावलं, तिथंच त्यांना ठार केलं, आणि त्यांच्यावर चामड्याच्या बैठका पसरून वर बसून जेवण पुरं केलं, अशी ती हकीकत. कुणी सत्तर म्हणतात, कुणी ऐंशी. तुझ्या त्या एका परिच्छेदात चार ‘म्हणतात’ होते. आणि शेवटी तू लिहिलं होतंस की अशाच मेजवानीची गोष्ट इतर देशांत, इतर धर्माच्या राजांबद्दलही सांगितली जाते, तेव्हा ती किती खरी ते ठरवणं अवघड आहे.

जागा कमी होती. मी चार ‘म्हणतात’ काढले आणि शेवटचं वाक्यही काढलं. परिच्छेद काय झकास झाला होता, वामन. घोड्यासारखा धावत होता. तुला प्रूफ दाखवलं नाही. छापून आल्यावर तरी तू तो नवा परिच्छेद पाहिलास की नाही, तेही मला माहीत नाही. गणपतीच्या गडबडीत तू त्याबद्दल काही बोलला नाहीस आणि मी समजलो की तुला आवडला.

मग तो हिवाळा आला. सगळीकडची हवा बिघडली होती, आपल्याकडेही मसाटच्या कारखान्यांत हिंदू-मुसलमान एकमेकांकडे बघून बोलायला लागले होते. जानेवारीत एका सकाळी बाजारातल्या फळ्यावर कुणीतरी खडूनं मोठ्या अक्षरांत तो परिच्छेद उतरवला. वर लिहिलं होतं, ‘आपले इतिहासाचे मास्तर स्वतः लिहितात.’ खाली तुझं नाव. फळ्यासमोर पंधरा-वीस माणसं, आणि समोरच्या दुकानात खलिफा मशीनवर मान खाली घालून बसलेला.

मी भाजी घ्यायला गेलो होतो. ते वाचलं आणि पिशवी घेऊन सरळ घरी आलो. पुसायचं मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं, पण मी पुसलं नाही. तू शाळेतून आलास, कुणीतरी तुला वाटेत सांगितलं होतं. तू हॉटेलातून ओलं फडकं मागून घेतलंस आणि सगळ्यांच्या देखत फळा पुसलास, दोनदा. एकानं विचारलं, मास्तर, तुम्हीच लिहिलंय ना? तू त्याला काय म्हणालास ते मला अजून कुणी नक्की सांगू शकलेलं नाही. मग तू खलिफाच्या दुकानात गेलास आणि बराच वेळ बसलास. हे मला दुसऱ्या दिवशी समजलं.

संध्याकाळी तू माझ्या खोलीत आलास. एका हातात स्मरणिका, दुसऱ्या हातात तुझं हस्तलिखित. दोन्ही माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलंस.

“चार होते. चारही कुठं गेले?”

“वाचताना अडखळायला होत होतं,” मी म्हणालो.

“अडखळायलाच लिहिले होते, भास्कर.”

तू एवढंच बोललास. मी खूप बोललो. भाषेबद्दल, जागेबद्दल, लोक काय कशाचाही उपयोग करतात त्याबद्दल. चूक झाली, हे दोन शब्द सोडून सगळं बोललो. तू स्मरणिका तिथंच ठेवून हस्तलिखित तेवढं उचलून गेलास.

आठ महिने तू माझ्याशी बोलला नाहीस. ओटा एकच, पण तू दुसऱ्या टोकाला बसायचास. वहिनी मधे वाटी ठेवून जायच्या, कधी उकडीचं काही, कधी सोलकढी, आणि आत जायच्या. मग एके दिवशी तू येऊन माझ्या पुढ्यात नवं प्रकरण टाकलंस आणि म्हणालास, बघ जरा, शुद्धलेखन. पानं उघडली तर सगळं निळ्या शाईत आणि प्रत्येक ‘म्हणतात’ लाल शाईत. मी हसलो, तूही हसलास. आपलं मिटलं असं मी धरून चाललो. माफी मागायची ती राहूनच गेली, कारण तू हसल्यावर ती मागायची गरज नाही असं मला सोयीस्करपणे वाटलं.

पण खलिफाच्या दुकानाकडे मी पुन्हा फिरकलो नाही. तू त्या दिवशी तिथं बसून काय सांगितलं असशील ते मला ठाऊकच होतं, म्हणजे तशी माझी खात्री होती. ते आमच्या मराठीच्या मास्तरानं केलं, माझा दोष नाही, असं. तू खरं बोलणारा माणूस, खरं ते सांगितलं असणार. मी तीन वर्षं पँटी वापीला शिवल्या. एक तर इतकी आखूड झाली की तू वर्गात मुलांसमोर मला विचारलंस, सर, पूर आलाय का.

शेवटचं प्रकरण लिहायचं राहिलं. घराण्यातला एक तरुण राजपुत्र, अब्द अल्-रहमान, तेवढा वाचला. पाठीमागं शिपाई लागलेले, त्यानं आणि धाकट्या भावानं युफ्रेटिस नदीत उड्या घेतल्या. काठावरून शिपाई ओरडले, परत या, तुम्हाला काही करणार नाही. धाकटा दमला होता, त्यानं विश्वास ठेवला, वळला. त्याला मारताना मोठ्यानं पलीकडच्या काठावरून पाहिलं. पुढं तो हजारो कोस पायी-घोड्यावर जाऊन स्पेनला पोचला आणि तिथं घराणं पुन्हा उभं केलं. मला तो शेवट फार आवडायचा. मी तुझ्या मागं लागायचो, लिही, याच्यावर पुस्तक संपव, वाचक डोळे पुसत उठेल.

त्यासाठी तू मला एका रविवारी सायकलवरून राखोलीला नेलंस. दमणगंगेच्या काठी उभा राहून, जाळं झटकत असलेल्या एका माणसाला तू विचारलंस की इथून पलीकडे पोहत जायला किती वेळ लागेल. त्यानं तुला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “ते त्याच्यावर हाय, मास्तर, का पाठी कोन लागलाय.” तू तिथंच सायकलला टेकून डायरीत ते लिहून घेतलंस. परत येताना मी विचारलं की आता तरी लिहिशील ना? तू म्हणालास, अडचण नदीची नाही. त्या भावाचं काय झालं, हे सांगणारा एकच माणूस आहे, तो वाचलेला. दुसरा साक्षीदार नाही. त्यानं हाक मारली का, तो थांबला का, तो खोटं तर बोलत नाही ना, हे कुणाला विचारू? मी म्हणालो, मग घाल एक ‘म्हणतात’. तू पेडल मारत राहिलास. मग म्हणालास, इथं तेवढ्यानं भागत नाही.

ते प्रकरण तू लिहिलं नाहीसच. आणि तेराव्यानंतर वहिनींनी तुझ्या सगळ्या उत्तरपत्रिका एका नव्या टॉवेलात गुंडाळून माझ्याकडे दिल्या. म्हणाल्या, भाऊजी, शेवटचं तुम्ही लिहा. त्यांच्या मनात काय होतं ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही. वर्षश्राद्धाला पुस्तक हातात पाहिजे.

मी हो म्हणालो नाही. त्यांना वाईट वाटलं. मी लिहू शकतो, वामन, हीच तर भीती आहे. दोन दिवसांत लिहीन आणि फर्डं लिहीन. नदी येईल, भाऊ वळेल, वाचक डोळे पुसेल, आणि त्यातलं एक अक्षरही तुझं नसेल. खाली नाव मात्र तुझं. हे मी एकदा केलेलं आहे. म्हणून मी वहिनींना सांगितलं की पुस्तक नक्की निघणार, मीच काढणार, यंदाच काढणार. पण अकराव्या प्रकरणाच्या शेवटी एक ओळ येईल, की इथून पुढे लेखकाने लिहिलेले नाही. त्यानंतर कोरं पान. वहिनी म्हणाल्या, लोक म्हणतील अर्धवट आहे. मी म्हणालो, अर्धवटच आहे, वहिनी. त्या थोडा वेळ टॉवेलाचं टोक सारखं करत बसल्या, मग मान डोलावली.

मला वाटलं सगळं ठरलं. पण काल शाळा सुटल्यावर फाटकाशी खलिफा उभा होता. माझ्याकडे बघून पुढं आला. मी वळून मागच्या फाटकानं जाणार होतो, खरंच वळलो होतो. त्यानं हाक मारली. तुझ्याबद्दल चार शब्द बोलला, डोळे पुसले, आणि मग विचारलं की मी दुकानात येणं का सोडलं, शिलाई बिघडली होती का.

मी म्हणालो, त्या फळ्याच्या प्रकारानंतर मला तोंड दाखवायला संकोच वाटला.

“आपको काहे का संकोच?” तो म्हणाला. “वो तो मास्टरजी की गलती थी. उन्होंने ही बताया. बोले, खलीफा, मैं चार लफ्ज लिखना भूल गया, मुझे माफ कर दो.”

मी फाटक धरून उभा राहिलो. अकरा वर्षं एका वाक्याची खात्री झाल्याशिवाय दुसरं वाक्य न लिहिणारा तू. फळा पुसून, हाताला खडू तसाच, त्याच्या दुकानात बसलास आणि धादांत खोटं बोललास. माझ्यासाठी. आणि तिथून उठून संध्याकाळी माझ्या टेबलाशी आलास, मी तासभर भाषा आणि जागा यावर व्याख्यान दिलं, आणि तू ऐकून घेतलंस. मी तुझी क्षमा मागितली नाही, आणि तू माझ्या वतीनं ती आधीच मागून आला होतास.

मला तुझा राग आला. खरंच. रस्त्याच्या मधोमध उभं राहून तुला शिव्या घालाव्यात इतका. तीन वर्षं तू माझ्या आखूड पँटीला हसलास आणि एकदाही म्हणाला नाहीस की बाबा, जा त्याच्याकडे, तुझं नाव मी घेतलेलं नाही.

संध्याकाळी मी हे वहिनींना सांगितलं. आणि सांगितलं की पुस्तकाच्या सुरुवातीला माझ्या नावानं मी लिहिणार आहे, स्मरणिकेतले ते शब्द मी काढले, लेखकाला न विचारता काढले. वहिनी गॅससमोर उभ्या होत्या, पाठमोऱ्या. म्हणाल्या, “त्यांनी झाकलं ते तुम्ही कशाला उघडता? तेवढं तरी त्यांचं त्यांना राहू द्या.”

रात्रभर हा प्रश्न डोक्यात होता, तो सोपा नाही. तू आयुष्यात एकदाच खोटं बोललास ते प्रेमापोटी, आणि ते उघडं पाडायचं म्हणजे तुझी देणगी तुझ्या तोंडावर फेकण्यासारखं आहे. वहिनींना माझं भलं हवंय. गावात अजून मला वर्गावर उभं राहायचंय, आणि ज्यानं फळा लिहिला तोही बाजारात फिरतोय. पण पुस्तक निघेल तेव्हा त्यात तेच मेजवानीचं प्रकरण असेल, पूर्ण, तुझं. कुणीतरी जुनी स्मरणिका काढून शेजारी ठेवील आणि म्हणेल, मास्तरांनी आधी असं लिहिलं होतं, मग घाबरून बदललं. तू घाबरलास असं कुणी म्हटलेलं मी सहन करणार नाही. आणि तुला विचारायला तू नाहीस. या गोष्टीचा साक्षीदार आता मीच तेवढा उरलोय.

म्हणून आज सकाळी शाळेआधी मी खलिफाच्या दुकानात गेलो. तीन वर्षांनी. बसायला त्यानं स्टूल पुढं केलं, मी उभ्याउभ्याच सांगितलं की ते चार शब्द मास्टरजी विसरले नव्हते, मी काढले होते. त्यानं मशीनचं चाक हातानं थांबवलं. गिऱ्हाईक आलं, त्याला त्यानं नंतर यायला सांगितलं. मग म्हणाला, “हमको उस दिन भी लगा था. मास्टरजी नीचे देख के बोल रहे थे.”

मी विचारलं, मग तुम्ही काही म्हणाला का नाहीत? तो म्हणाला की एवढा शिकलेला माणूस दुसऱ्यासाठी मान खाली घालून बसलाय, त्याला काय विचारायचं. त्यानं मला चहा पाजला. मला माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. निघताना टेप गळ्यातून काढून माझ्या कमरेला लावली आणि वापीच्या शिंप्याबद्दल असं काही बोलला की ते इथं लिहिता येत नाही.

शनिवारी मी वापीला जातोय. भिखूभाई आता स्वतः छपाईचे खिळे जुळवत नाहीत, त्यांची सून संगणकावर करते, पण प्रुफं त्यांच्याच हाताखालून जातात. अकरा प्रकरणं, प्रत्येक ‘म्हणतात’ जागच्या जागी, मी मोजून घेतलेत. वहिनी माझ्याशी आज जरा तुटक वागल्या, पण टॉवेल धुऊन परत मागितला नाही, तेव्हा पानं माझ्याकडे राहू देणार आहेत. प्रस्तावना मी लिहिली आहे, एक पान, त्यात एकही सुंदर वाक्य नाही.

चूक झाली, वामन. माझी झाली. त्या संध्याकाळी टेबलाशी म्हणायचं होतं ते आता म्हणतोय.

आणि तुझं एक वाक्य मी खोडलंय, खलिफापाशी बोललेलं. या वेळी तुला सांगून खोडतोय.